सप्ताहातल्या मृदंगापासून विद्यापीठापर्यंत : संगीताची पदवी म्हणजे काय, ती कुठं मिळते आणि तिचा उपयोग काय?

परभणी : वर्षातून एकदा तरी अखंड हरिनाम सप्ताह बसत नाही असं गाव आपल्या जिल्ह्यात शोधून सापडणं अवघड. सप्ताह आला की पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. कुठं दहावी-बारावीतलं पोरगं कीर्तनाला मृदंगाची साथ करतं, कुठं एखादी मुलगी हरिपाठात अशी चाल धरते की म्हातारी माणसंही मान डोलावतात. गावाला या लेकरांचं कौतुक असतं. पण बारावीचा निकाल लागला की तेच गाव विचारतं, आता पुढं काय? त्या वेळी 'संगीतात बीए कर' असं सांगणारं कुणी भेटत नाही, कारण संगीतात बीए होतं हेच कित्येक घरांत माहीत नसतं. जिथं माहीत असतं तिथं वडील म्हणतात, भजन तर देवळात फुकट शिकायला मिळतं, त्यासाठी कॉलेज कशाला?

प्रश्न रास्त आहे. शेतीच्या उत्पन्नावर तीन वर्षांचं शिक्षण करायचं तर त्यातून काय मिळणार हे आधी कळायला पाहिजे. विद्यापीठात संगीत म्हणजे नेमकं काय शिकवतात, ते देवळातल्या शिक्षणापेक्षा वेगळं कसं, आणि पदवीनंतर कोणती दारं उघडतात, कोणती उघडत नाहीत, याची ही सविस्तर माहिती.

देवळात मिळतं ते आणि कॉलेजात मिळतं ते

आपल्याकडची पोरं गाणं-वाजवणं शिकतात ती बहुतेक पाहून आणि ऐकून. ज्यांना त्यात पुढं जायचं असतं त्यातली बरीच आळंदीला जातात. जोग महाराजांनी १९१७ साली तिथं वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा तिचा अभ्यासक्रम महाराष्ट्रभर माहीत आहे. आळंदीत राहून आलेलं पोरगं गावात 'मृदंगाचार्य' किंवा 'गायनाचार्य' म्हणून उभं राहतं. हे शिक्षण कमी दर्जाचं आहे असं कुणी समजू नये. पाठांतर, चाली, कीर्तनकाराचा नूर ओळखून साथ करणं, तासन् तास उभं राहून गाणं, ही तयारी कॉलेजात होत नाही.

कॉलेजात जे होतं ते दुसरं. तिथं तीन गोष्टी एकत्र चालतात. पहिली, गळ्याची किंवा हाताची तयारी. दुसरी, कानाची तयारी. तिसरी, आपण जे गातो ते कुठून आलं, कुणी घडवलं, कसं बदललं याचं ज्ञान, म्हणजे इतिहास आणि शास्त्र. पहिली गोष्ट देवळात बऱ्यापैकी होते. दुसरी नकळत होते. तिसरी मात्र अभ्यासाला बसल्याशिवाय होत नाही. म्हणून परीक्षाही दोन प्रकारची असते. प्रात्यक्षिकात परीक्षकासमोर बसून गायचं-वाजवायचं, तोंडी प्रश्नांना उत्तरं द्यायची. लेखीत पेपर लिहायचा. नुसतं छान गाणारं पोरगं लेखीत अडतं आणि नुसतं पाठ करणारं प्रात्यक्षिकात अडतं.

'काळी चार' म्हणजे काय?

कॉलेजातलं शिक्षण कसं असतं हे समजायला भजनी मंडळातलंच उदाहरण घेऊ. बुवा म्हणतात, 'काळी चार लाव.' पेटीवाला बरोबर त्या पट्टीवर बोट ठेवतो. पण काळी चार हा स्वर आहे का? नाही. ती जागा आहे. त्या जागेला गाणाऱ्यानं आपला 'सा' मानला, की बाकीचे सगळे स्वर तिथून मोजायचे. उद्या दुसऱ्या बुवानं पांढरी पाचला सा धरला तर अभंग तोच राहतो, बोटं मात्र सरकतात. ही गोष्ट ज्याला समजली त्याला कोणत्याही पट्टीत वाजवता येतं. ज्यानं फक्त बोटं पाठ केली तो पट्टी बदलली की गडबडतो. संगीताच्या वर्गात पहिल्या काही महिन्यांत हेच पक्कं करून घेतात.

मग कळतं की सा ते वरचा सा यात नावं सात असली तरी पट्ट्या बारा आहेत. सात शुद्ध स्वर, रे, ग, ध, नी हे चार कोमल आणि म तीव्र. सात, चार आणि एक मिळून बारा. या बारांतून काही निवडून, त्यांचा चढ-उतार ठरवून राग होतो.

पण निवडलेले स्वर म्हणजे राग नाही, हे पुढचं पाऊल. भूप रागात पाचच स्वर लागतात : सा, रे, ग, प, ध. देशकार रागातही हेच पाच. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, देशकार सकाळी. भूपात जोर 'ग'वर, देशकारात 'ध'वर. थांबायच्या जागा वेगळ्या, वळणं वेगळी. घटक तेच, चव दुसरी. हा फरक कानाला ऐकू येणं, तो गळ्यातून दाखवता येणं आणि कागदावर लिहिता येणं, या तिन्हींना मिळून संगीताची समज म्हणायचं. मास्तर पेटीवर एक स्वर वाजवतात, विद्यार्थ्यानं न बघता तो ओळखायचा. दोन ओळींची चाल ऐकवतात, तिचे स्वर सांगायचे. सुरुवातीला घाम फुटतो. वर्षभरात कान उघडतो.

तालाचंही तसंच. आपला मृदंगवाला भजनी ठेका झोपेतही वाजवील. तो आठ मात्रांचा आहे, सम कुठं, खाली कुठं, हे विचारलं तर थांबतो. कॉलेजात दादरा सहा मात्रांचा, रूपक सातचा, झपताल दहाचा, एकताल बाराचा, त्रिताल सोळाचा, हे सगळे हातावर टाळी देऊन म्हणायला लावतात. त्रितालात टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली नवव्यावर. आधी सरळ लयीत, मग त्याच वेळेत दुप्पट, मग चौपट. जो हे तोंडानं म्हणू शकतो त्याचा हात वाजवताना चुकत नाही.

आणि लिहिणं. चाल कागदावर उतरवायची एक पद्धत आहे, तिला स्वरलिपी म्हणतात. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ, खालच्या सप्तकातल्या स्वराखाली टिंब, वरच्या सप्तकातल्या स्वरावर टिंब. खाली तालाच्या मात्रा मांडतात. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या विणेकऱ्याला येणारी जुनी चाल त्यांच्याबरोबर जाऊ द्यायची नसेल तर ती अशी लिहून ठेवता येते.

इतिहास कशाला? कारण तो आपल्याच भागातला आहे

संगीताचा इतिहास म्हटलं की पोरांना वाटतं, दिल्ली-लखनौचे उस्ताद आणि राजे-महाराजे. ते आहेतच. पण या अभ्यासक्रमातली काही महत्त्वाची पानं मराठवाड्यात आणि त्याच्या शिवेवर लिहिली गेली, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हिंदुस्थानी संगीत शिकणारा आणि दक्षिणेतलं कर्नाटक संगीत शिकणारा, दोघांनाही एक संस्कृत ग्रंथ अभ्यासावा लागतो, 'संगीत रत्नाकर'. तो तेराव्या शतकात शार्ङ्गदेवानं लिहिला. शार्ङ्गदेव कुठला? त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले आणि तो स्वतः यादवांचा राजा सिंघण याच्या पदरी देवगिरीला होता. देवगिरी म्हणजे आजचा दौलताबादचा किल्ला. वेरूळला सहलीला जाताना शाळेच्या गाड्या ज्या किल्ल्याजवळून जातात, तिथल्या राजाच्या आश्रयानं हा ग्रंथ झाला. त्याचे सात अध्याय आहेत : स्वर, राग, गायकाच्या गुणदोषांसारखे संकीर्ण विषय, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य.

त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं 'मानसोल्लास' हा ग्रंथ केला. कल्याणी म्हणजे लातूरच्या शिवेपलीकडचं, बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्या ग्रंथात नोंद आहे की महाराष्ट्रातल्या बाया कांडण करताना ओवी गातात. म्हणजे जी ओवी आपल्या आजी-पणजीनं जात्यावर म्हटली, तिची लेखी नोंद जवळपास नऊशे वर्षांपूर्वीची आहे. गंगाखेडच्या जनाबाईंच्या अभंगांत दळण-कांडण पुन्हा पुन्हा येतं, ते याच परंपरेतून. इतिहास शिकलेल्या पोराला ही साखळी दिसते. न शिकलेल्याला जात्यावरचं गाणं म्हणजे बायकांची करमणूक वाटते.

इतिहासाचा दुसरा धडा असा की गाणं सगळ्यांना खुलं कधीच नव्हतं. रागसंगीत घराण्यात शिकायचं, गुरूच्या घरी राहायचं, त्याची मर्जी झाली तर चीज मिळायची. ही कोंडी दोन मराठी माणसांनी फोडली. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, जन्म १८७२. लहानपणी फटाक्यानं डोळे गेले. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले आणि १९०१ साली थेट लाहोरला जाऊन त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. फी भरा, वर्गात बसा, परीक्षा द्या, अशी ती शाळा. दुसरे विष्णु नारायण भातखंडे, मुंबईचे, व्यवसायानं वकील. देशभर फिरून त्यांनी उस्तादांकडच्या बंदिशी जमवल्या, स्वरलिपीत छापल्या आणि राग दहा थाटांत मांडले. त्यांचे 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग मूळ मराठीत आहेत. १९२६ साली लखनौला त्यांच्या पुढाकारानं संगीताचं कॉलेज निघालं. आज परभणीच्या एखाद्या वर्गात शेतमजुराचं पोरगं यमन शिकतं, त्याच्यामागं या दोघांची खटपट आहे.

एक गंमत पेटीचीही. देवळादेवळात असलेली पेटी मूळची आपली नाही, तिचा जन्म युरोपातला. तिच्या पट्ट्या पक्क्या असल्यामुळं एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात निघत नाही, म्हणून जाणकारांचा तिच्यावर राग होता. आकाशवाणीनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि १९७१पर्यंत ती सैल केली नाही. तीस वर्षं रेडिओवर बंद असलेलं वाद्य आपल्या भजनात मात्र चालूच राहिलं.

आणि हा इतिहास फक्त राजदरबाराचा नाही. गोंधळ, भारूड, पोतराजाचा हलगीवरचा खेळ, शाहिरी, आंबेडकरी जलसे आणि वामनदादा कर्डकांची गाणी, हे सगळं आता अभ्यासाचा विषय आहे. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी गोंधळ मोठ्या मंचावर नेला, त्याला नाव मिळवून दिलं. मुंबई विद्यापीठाच्या संगीत विभागाचे पहिले संचालक अशोक रानडे यांनी तर 'लोकसंगीतशास्त्र' नावाचं पुस्तकच लिहिलं. खेड्यातलं गाणं शास्त्रीय कसोटीनं कसं अभ्यासायचं, हे त्यात मराठीत वाचायला मिळतं.

गांधर्वच्या परीक्षा आणि बीए : गल्लत करू नका

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. पलुस्करांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. त्याच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात. क्रम असा : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण आणि त्यानंतर अलंकार. दरवर्षी एक धरली तर विशारद पूर्ण व्हायला सात वर्षं लागतात. म्हणून पाचवी-सहावीत सुरू केलेलं बरं. शाळेत असताना या परीक्षा दिल्या तर दहावीला कलेचे वाढीव गुणही मिळू शकतात. त्यासाठी परीक्षा मान्यताप्राप्त संस्थेची पाहिजे आणि प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत गेला पाहिजे. कोणत्या परीक्षेला किती गुण, हे मुख्याध्यापकांकडं चालू वर्षाचं परिपत्रक बघून विचारावं.

विशारद ही संगीतातली पदवीच्या तोडीची परीक्षा मानली जाते. पण 'तोडीची' हा शब्द नीट समजून घ्या. संगीत शिक्षकाच्या काही जाहिरातींत विशारद चालतं. जिथं 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' असं लिहिलेलं असतं, म्हणजे स्पर्धा परीक्षा, बँका, तिथं विद्यापीठाची पदवी मागतात. फक्त विशारद करून बीए सोडून देणाऱ्या पोराला हे पंचविशीत कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. उत्तम मार्ग म्हणजे दोन्ही सोबत. शाळेपासून गांधर्वच्या परीक्षा, बारावीनंतर संगीत विषय घेऊन बीए.

'तीन महिन्यांत विशारद' असं सांगणाऱ्या एजंटापासून लांब राहा. सात वर्षांचं काम तीन महिन्यांत होत नाही. तो कागद पुढं पडताळणीत अडकतो आणि पैसेही जातात.

कुठं शिकायचं?

परभणी जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतो. १९९४ साली हे विद्यापीठ वेगळं झालं, त्याआधी सगळा कारभार १९५८च्या मराठवाडा विद्यापीठाकडं होता. या विद्यापीठाच्या काही कला महाविद्यालयांत बीएला संगीत विषय मिळतो. बीए झाल्यावर एमएसाठी नांदेडच्या विद्यापीठ परिसरात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. आपल्या जवळच्या कॉलेजात संगीत आहे का, गायन आहे की वादन, शिकवणारे प्राध्यापक नेमलेले आहेत की तासिकेवर, हे प्रवेशाआधी स्वतः जाऊन विचारावं. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषय आणि दुय्यम विषय अशी रचना आहे. संगीत यातल्या कोणत्या जागी बसतं हेही विचारावं, कारण एमएला जायचं तर त्याचा फरक पडतो.

जिल्ह्याबाहेर जायची तयारी असेल तर पुण्याच्या विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. १९८७ साली सुरू झालेल्या या केंद्राला गुरुकुल म्हणतात, कारण वर्गासोबत गुरूकडं बसून शिकायची सोय तिथं आहे. संगीत, नृत्य, नाटक तिन्हींत बीए आणि एमए होतं. मुंबई विद्यापीठात संगीत विभाग आहे आणि लोककला अकादमी वेगळी आहे. गोंधळी, शाहीर, भारुडकार यांच्या घरातल्या पोरांनी अकादमीचं नाव लक्षात ठेवावं, कारण तिथं लोककलेतच एमए करता येतं. मुलींसाठी एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभाग आहे. प्रसिद्ध गायिका प्रभा अत्रे या विभागाच्या प्रमुख होत्या. राज्याबाहेर छत्तीसगडमध्ये खैरागड इथं १९५६पासून इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे, अख्खं विद्यापीठच कलेचं. गुजरातेत बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात संगीताचं शिक्षण आहे, त्याचं मूळ सयाजीराव महाराजांनी १८८६ साली काढलेल्या शाळेत आहे.

मोठ्या ठिकाणी प्रवेशासाठी गाऊन-वाजवून दाखवावं लागतं. परीक्षक फार मोठी मैफल मागत नाहीत. सूर लागतो का, लय धरता येते का, एखादा राग नीट मांडता येतो का, एवढं बघतात. सप्ताहात वाढलेल्या पोराला लय आणि धीटपणा असतोच. कमी पडतं ते रागाचं नाव, आरोह-अवरोह, ताल हातावर सांगणं. दोन-तीन राग मास्तरांकडून वर्षभर आधी पक्के करून गेलं तर मुंबई-पुण्याच्या पोरांपुढं बिचकायचं कारण नाही.

खर्च आणि शिष्यवृत्ती

कला शाखेतलं बीए असल्यामुळं संगीताच्या पदवीला इंजिनिअरिंगसारखी फी नसते. बाहेरगावी राहिल्यास खरा खर्च खोली-मेसचा आणि वाद्याचा. तानपुरा आणि तबल्याचा ठेका आता मोबाईलच्या ॲपवर मिळतो, रियाजाला ते पुरतं. पेटी किंवा तबला घेताना घाई करू नये, आधी भजनी मंडळाच्या वाद्यावर शिकावं, मग जाणकाराला सोबत नेऊन घ्यावं.

प्रवर्गानुसार मिळणाऱ्या सरकारी शिष्यवृत्त्या आणि फीमाफी महाडीबीटीवर भराव्या लागतात, त्या संगीताच्या विद्यार्थ्यालाही लागू असतात. त्याशिवाय कलेसाठीच्या वेगळ्या आहेत. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलाकारांना महिना ५ हजार रुपये, दोन वर्षं अशी शिष्यवृत्ती आहे. १० ते १४ वयाच्या मुलांसाठी सीसीआरटी या केंद्रीय संस्थेची वेगळी शिष्यवृत्ती आहे. राज्य सरकार भारतरत्न पंडित भीमसेन जोशी यांच्या नावानं शास्त्रीय संगीताची युवा शिष्यवृत्ती देतं. या सगळ्यांना स्पर्धा असते आणि अर्जाच्या तारखा निघून गेल्यावर कुणी ऐकत नाही. म्हणून कॉलेजच्या फळ्यावर आणि संकेतस्थळांवर लक्ष ठेवावं.

पोटापाण्याचं काय?

इथं गोड बोलून उपयोग नाही. संगीताची पदवी म्हणजे नोकरीची हमी नाही. शाळांत संगीत शिक्षकाच्या कायम जागा कमी आहेत. कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं तर एमएला ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला सवलत धरून ५०, आणि वर नेट किंवा सेट पाहिजे. नेटला संगीत हा स्वतंत्र विषय आहे. एवढं करूनही कित्येक जण तासिका तत्त्वावर शिकवतात आणि त्यावर घर चालत नाही.

तरीही दारं आहेत. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक संगीत शिक्षकाची जागा असते, तिला बारावी आणि संगीतातली पदवी लागते. नवोदय विद्यालयांतही संगीत शिक्षक असतो. परभणीला आकाशवाणी केंद्र आहे. आकाशवाणीच्या स्वरचाचणीत पास झालेल्या कलाकाराला श्रेणी मिळते. ती पगाराची नोकरी नसली तरी कार्यक्रम आणि नाव दोन्ही देते. तालुक्याच्या गावी संगीताचा वर्ग काढून गांधर्वच्या परीक्षांना मुलं बसवणं, हा जम बसायला वेळ घेणारा पण टिकणारा मार्ग आहे. त्यात मुलींनाही घराजवळ राहून काम करता येतं. कीर्तनाची साथ करणाऱ्याला हंगामात बिदागी मिळते, तिला वर्गाची जोड मिळाली तर बारमाही होतं. आणि बीए पदवी हातात असल्यामुळं स्पर्धा परीक्षेचा रस्ताही बंद होत नाही.

मोठा गायक व्हायचं असेल तर मात्र पदवी तिथं नेत नाही. भीमसेन जोशी पोरवयात घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, सवाई गंधर्वांकडं राहून शिकले. त्यांना कोणी डिग्री विचारली नाही. दुसऱ्या बाजूला प्रभा अत्रे विज्ञान आणि कायदा शिकल्या, संगीतात डॉक्टरेट केली आणि मैफलही गाजवली. दोघांत सारखं काय? रोजचा रियाज. तो कॉलेज करून देत नाही, ज्याचा त्यानं करायचा असतो.

गावाकडच्या पोरालाच जमेल असं काम

या सगळ्यात एक काम असं आहे, जे शहरातल्या विद्यार्थ्यापेक्षा आपल्या पोरांना जास्त चांगलं जमेल. आपल्या भागातलं गाणं गोळा करणं.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. पुढं बर्नार्ड बेल यांच्यासोबत ध्वनिमुद्रणही झालं. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. आज त्या 'पारी' या संकेतस्थळावर मोबाईलवर फुकट ऐकता-वाचता येतात. त्यात आपल्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या एका गायिकेचा आवाजही आहे. तिचं मुद्रण झालं म्हणून तो आवाज राहिला. गावोगावच्या इतर कित्येक बायांचे आवाज मुद्रण न होताच गेले.

गावात पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. ज्या बायांनी रोज पहाटे दळताना ओव्या म्हटल्या, त्या आता सत्तरी-ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांच्या सुना-नातींना त्या येत नाहीत. गोंधळ्याच्या घरातलं संबळ वाजवणारं पोरगं पुण्यात कंपनीत लागलं की पुढची पिढी तुटते. ही गाणी उरायची असतील तर पुढची दहा-पंधरा वर्षंच हातात आहेत.

मोबाईल सगळ्यांकडं आहे, मग रेकॉर्डिंगला पदवी कशाला? कारण नुसतं रेकॉर्डिंग म्हणजे नोंद नाही. कुणी गायलं, गाव कोणतं, तारीख कोणती, ते गाणं कधी गातात, कुणाकडून शिकल्या, चाल कोणत्या स्वरांत फिरते, ठेका कसा, शब्दांचा अर्थ काय, आणि गाणाऱ्याची परवानगी घेतली का, हे सगळं सोबत असलं तरच पन्नास वर्षांनी कुणाला त्याचा उपयोग होईल. हे विद्यापीठात शिकवतात, त्याला क्षेत्रकार्य म्हणतात. एमएचा प्रबंध असो की पीएचडी, आपल्या तालुक्याच्या ओव्या, काकड्याच्या चाली, गोंधळाचे ठेके हा विषय तिथं चालतो. आणि त्यासाठी आजीजवळ बसून तिच्या बोलीत बोलणारं माणूस लागतं. ते शहरातून येणार नाही.

जूनच्या आधी एवढं करा

ज्या घरात गाणारं-वाजवणारं लेकरू आहे त्यांनी चार कामं करावीत. मूल शाळेत असेल तर जवळच्या मान्यताप्राप्त परीक्षा केंद्राची चौकशी करून प्रारंभिक परीक्षेला बसवावं. बारावी झालं असेल तर प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन संगीत विभाग बघावा, शिकणाऱ्या दोन पोरांशी बोलावं. आळंदीला शिकून आलेल्यांनी मुक्त विद्यापीठातून किंवा जवळच्या कॉलेजातून पदवी पूर्ण करावी, म्हणजे पुढच्या जाहिरातींत दार बंद होणार नाही. आणि चौथं, सगळ्यांना जमेल असं. घरात ओव्या येणारी आजी असेल तर तिला विचारून एक तास मोबाईलवर गाऊन घ्यावं, खाली नाव, गाव आणि तारीख लिहावी. लेकरू संगीत शिको अथवा न शिको, तो एक तास पुढं अभ्यास करणाऱ्या कुणाच्या तरी कामी येईल.